वाढवलेला तास

डोरीनने कार्डावर वेळ लिहून दिली की क्लिफर्ड थर्लवेल संशयाने बघायचा ते हातातल्या घड्याळाकडे, कार्डाकडे कधीच नाही. संसाराला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात बायकोचा आकडा चुकल्याचं त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. डोरीन म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं तीनशे मुलांचं जेवण बाराला दहा कमी असताना मांडणारी बाई. बाराला नऊ कमी झालेले कुणाला आठवत नाहीत.

तेव्हा या सहलीतही तसंच चाललं होतं. सकाळी न्याहारी उरकली की ती कोऱ्या कार्डावर पेन्सिलीने दिवस लिहायची. कुठून कुठे, मैल किती, वारा कुठला, चहा कुठे. कार्ड क्लिफर्डच्या वरच्या खिशात जायचं, तो सायकलवर निघायचा आणि ती भांडी आवरून व्हॅन घेऊन मागून निघून पुढे पोचायची. किनाऱ्याकडेला बरी जागा बघून किटली ठेवायची, आणि पाणी उकळलं की हॉर्नचे दोन लांब आवाज द्यायची. म्हणजे, चहा झाला, ये. मग कुठल्यातरी वळणामागून त्याची घंटी वाजायची. म्हणजे, आलोच. स्कॉटलंडच्या हद्दीपासून नॉर्थम्बरलंडचा किनारा धरून खाली येताना आठ दिवसांत हे एवढ्या वेळा झालं होतं की कुरणातली मेंढरंही हॉर्नला मान वर करत नव्हती.

एरवी तीही सोबत दोन-चार मैल चालवायची, पण आज गुडघा ठणकत होता. तिची सायकल व्हॅनच्या पाठीला बांधलेलीच राहिली. क्लिफर्ड एकटाच एडविथ बेटावर गेला. बेट किनाऱ्यापासून तीन मैल आत. ओहोटीला मधला रस्ता उघडा पडतो, भरतीला समुद्र तो परत घेतो. बेटावर संत एडविथची जुनी समाधी आहे, तिथे डोकं टेकून यायचं हे त्याने नोव्हेंबरातच ठरवलं होतं, छाती उघडून तीन रक्तवाहिन्या बदलल्या तेव्हा, दवाखान्याच्या खाटेवर. सायकल चालवा, डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू चालवा, पण थंड पाण्याचा धक्का मात्र या हृदयाला सोसणार नाही. डोरीन तेव्हापासून त्याच्या आंघोळीचं पाणीसुद्धा आधी स्वतःच्या कोपराने बघायची.

कार्डावर आज लिहिलेलं होतं: रस्ता दहा-दहा ते तीन-चाळीस. तीनच्या आत परत निघणे.

पावणेतीन वाजले होते. व्हॅन रस्त्याच्या तोंडाशी, गवतावर उभी होती. एप्रिलचं ऊन होतं, पण उबेचं नव्हतं. डोरीन दारात बसून चहाबरोबरच्या स्कोन-पावांना लोणी लावत होती तेवढ्यात चिखलाने माखलेला एक ट्रॅक्टर शेजारी येऊन थांबला. वर साठीची एक बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, मागे एक ओला कुत्रा.

"कुणाची वाट बघताय का, बाईसाहेब?"

"नवऱ्याची. बेटावर गेलाय सायकलने. निघेलच आता."

"आता? म्हणजे पोहत येणार म्हणा की."

डोरीन हसली. असल्या थट्टेची तिला सवय होती. "अजून जवळजवळ तास आहे. तीन-चाळीसला बंद होतो रस्ता."

"दोन-चाळीसला," ती बाई म्हणाली. "पाच मिनिटं झाली बंद होऊन. मी नोरा ट्रॉटर, ते वरचं शेत माझं. रोज भरतीला इथे येऊन बघते, कोण शहाणा अडकलाय ते."

"नोराबाई, तुम्ही जुनी वेळ धरताय." डोरीनने चाकू पुसून ठेवला. शाळेत नव्या मदतनिसांना समजावताना तिचा जो आवाज असायचा तो आपोआप आला. "परवा रविवारी उन्हाळी वेळ लागली, देशभर घड्याळं तासभर पुढे गेली. भरतीच्या पुस्तकात जुनी वेळ छापतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा असतो. शहरातली माणसं हेच विसरतात."

"घड्याळं पुढे गेलेली मला कळलंय. माझ्या गाई तीन दिवस त्याच रागात आहेत. पण फलकावर नवीच वेळ लावतात हो. तुमच्या पाठीशीच आहे, वाचा."

"माझे वडील न्यूबिगिनला मासेमारी करायचे. अक्षरं यायच्या आधी मी भरतीचं पुस्तक वाचायला शिकले."

"छान झालं," नोरा म्हणाली. "मग आज काय झालं?"

डोरीन उठली, ती तिला खोटं पाडायलाच. व्हॅनच्या कप्प्यातून पुस्तक काढलं. वडिलांच्या वेळेपासून ती बंदरावरच्या दोरखंड-जाळ्यांच्या दुकानातून निळं, जुन्या वेळेचं पुस्तक घ्यायची. नाताळात ते दुकान बंद झालं. यंदाचं पुस्तक पोस्टातून घेतलेलं होतं, पिवळं, मुखपृष्ठावर दीपगृह. एप्रिलचं पान तिने उघडलं. दोन-चाळीस. बरोबर, त्यात एक मिळवला की तीन-चाळीस. तिने बोट तसंच खाली आणलं. पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक ओळ होती. उन्हाळी वेळेचा तास यात मिळवलेला आहे.

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली, जणू काचेवरचा डागच तो.

"काय म्हणतंय?" नोराने विचारलं.

डोरीनने फोन उचलला. क्लिफर्डचा फोन व्हॅनमध्येच चार्जिंगला लावलेला होता, तिच्याच डोळ्यांसमोर, हिरवा दिवा लागलेला. तिने बेटावरच्या पबचा नंबर लावला.

"हिरवं जाकीट, पांढऱ्या भुवया?" पबमधली बाई म्हणाली. "तो गेला की गं. पाच मिनिटं झाली असतील. मी म्हटलं, आजोबा, रस्ता बंद झालाय, बसा, सूप घ्या, आठ वाजता पाणी उतरलं की जा. तर त्याने खिशातून कार्ड काढून मला दाखवलं. बायकोने लिहिलंय म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, मला काय दाखवता, समुद्राला दाखवा. तो हसला, आमच्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला."

"कुणी गाडी घेऊन त्याच्या मागे जाईल का हो? हृदयाचं ऑपरेशन झालंय त्याचं."

"रस्ता बंद झाल्यावर इथलं कुणी त्यावर गाडी घालत नाही, पोरी. गेली तर तीही अडकेल. तू बचाववाल्यांना फोन कर. आत्ता कर."

तो फोन नोराने केला, कारण डोरीनच्या बोटांना आकडे सापडेनात. खालच्या बंदरातून बोट निघेल. पस्तीस मिनिटं. नोराने तोंड फिरवून घड्याळ पाहिलं आणि आपला हिशेब मनातच ठेवला. पण डोरीनलाही हिशेब येत होता. क्लिफर्डला तीन मैलांना वीस-बावीस मिनिटं लागतात. किनाऱ्याजवळ, इथून तीनशे पावलांवर, रस्ता खोलगट होतो आणि पाणी सगळ्यांत आधी तिथे भरतं. त्या खोलगट भागाच्या पलीकडच्या टोकाला उंच खांबांवर एक लाकडी खोली बांधलेली आहे, अडकलेल्यांसाठी. इथले लोक तिला पेटी म्हणतात. क्लिफर्ड सव्वातीनच्या आधी पेटीपाशी पोचणार. तिथे थांबला तर वाचला. नाही थांबला तर पुढे पाणी, आणि आज पौर्णिमेचं उधाण.

"तो थांबेल," नोरा म्हणाली. "डोळे आहेत ना त्याला. पाणी दिसेल की."

"तो नाही थांबणार. खिशात माझं कार्ड आहे."

आणि तेवढ्यात दिसणंही संपलं. समुद्राकडून धुकं आलं, या किनाऱ्यावर वसंतात येतं तसं, एका श्वासात. आधी बेट गेलं, मग पेटी, मग रस्त्यावरचे खांब एकेक करून. पुढे तीस पावलं डांबर दिसत होतं, त्याच्या टोकाला पाण्याची राखाडी कड, आणि त्यापलीकडे नुसतं पांढरं.

डोरीन व्हॅनमध्ये चढली आणि इंजिन सुरू केलं. नोरा येऊन गाडीच्या नाकासमोर उभी राहिली, दोन्ही हात बॉनेटवर.

"बाजूला हो," डोरीन म्हणाली.

"किल्ली दे."

"मी चुकवलंय. मीच आणणार."

"वर्षाला दोन-तीन गाड्या मी बाहेर ओढते इथून. खारं पाणी आत गेलं की इंजिन बसतं. मग माणूस दार उघडतो. मग मला फक्त गाडी सापडते." नोराचा आवाज चढला नव्हता. "एक म्हातारा पाण्यात आहे, तेवढं पुरे. माझ्या ट्रॅक्टरनेसुद्धा या धुक्यात जाणार नाही, वाटेवर तोच असेल तर? दे ती किल्ली, पोरी."

डोरीनने किल्ली दिली नाही, पण इंजिन बंद केलं. हात स्टीअरिंगवर तसेच राहिले. काहीतरी करायलाच हवं होतं. धुक्यात आवाज जातो, त्याला कळलं पाहिजे की धोका आहे, आणि तिच्या तळहाताखाली हॉर्न होता. तिने तो दाबला. एकदा, लांब. पुन्हा, लांब.

आवाज विरला. आणि मग पांढऱ्यातून, फार लांब नाही, घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग. आनंदी.

डोरीनचा हात चटका बसल्यासारखा मागे आला.

"ऐकलं त्याने," नोरा म्हणाली. "बरं झालं."

"बरं नाही झालं." डोरीन खाली उतरली होती, पाण्याच्या कडेकडे निघाली होती, दुखरा गुडघा विसरून. "त्याला वाटतंय चहा झालाय. मी त्याला बोलावलं. नोरा, मी त्याला पाण्यात बोलावलं."

ती ओरडली. थांब, म्हणून ओरडली, मागे फिर म्हणून ओरडली. धुक्याने शब्दांचा लगदा केला. पलीकडे पोचलं ते एवढंच की डोरीन किनाऱ्यावर आहे आणि हाक मारतेय. घंटी पुन्हा वाजली, या वेळी जराशी जवळ, आणि तिच्या पाठोपाठ चाकाने पाणी कापल्याचा आवाज. तो आत शिरला होता. घोटाभर पाणी, तो मनात म्हणत असेल, डबकं आहे, तीन-चाळीसला बंद होतो.

"देवा," डोरीन हळूच म्हणाली, "चूक माझी आहे. त्याच्याकडून वसूल करू नकोस."

पुढे जे तिने केलं ते कसं सुचलं हे तिला कुणालाच सांगता आलं नाही. ज्याने कंठ दिला त्यालाच ते ठाऊक. डोरीन आणि क्लिफर्ड तीस वर्षं गावच्या चर्चच्या गायकवृंदात होते. तिथे दोन रांगा समोरासमोर उभ्या असतात, मध्ये मोकळी जागा. स्तोत्राचं एक चरण या रांगेने म्हणायचं, दुसरं त्या रांगेने. चाल अशी की वाक्य कितीही लांब असो, सगळे शब्द एकाच स्वरावर धरायचे आणि शेवटचे तीन-चार तेवढे पायऱ्या उतरल्यासारखे खाली आणायचे. त्यामुळे त्या चालीत काहीही बसतं. आणि ओरडलेला शब्द फुटतो, पण धरलेला स्वर सरळ जातो. दगडी कमानींमध्ये शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या माणसालाही त्यातला शब्द न् शब्द कळतो.

डोरीनने पाय रोवले, श्वास पोटात घेतला आणि तो एक स्वर लावला.

"क्लिफर्ड, पुढे येऊ नकोस, पाणी चढतंय, मागे फिर आणि पेटीत जा."

शेवटचे शब्द खाली उतरले आणि धुक्यात गेले. नोरा तिच्याकडे बघतच राहिली. चाकाचा आवाज थांबला. मग समोरच्या रांगेतून यावं तसं, खर्जात, अचूक चालीवर उत्तर आलं.

"कार्डावर तीन-चाळीस आहे, आत्ता फक्त तीन-बारा झालेत, पाणी नडगीपर्यंतच आहे."

"गाढव आहे का हा?" नोरा पुटपुटली.

"गाढव नाही. विश्वास आहे त्याचा." डोरीन म्हणाली. तिला ठाऊक होतं, पाणी चढतंय एवढं सांगून तो फिरणार नाही. तिने ताप आलाय म्हटलं तर तो अंथरुणात पडायचा, बरा झालास म्हटलं तर उठायचा. आज सकाळी तिने त्याला एक आकडा दिला होता आणि त्या आकड्याच्या विरुद्ध तो स्वतःच्या भिजलेल्या पायांचंही ऐकणार नव्हता.

पुस्तक चुकीचं छापलंय, असं म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही. शाळेत बटाटे करपले तेव्हा, तिच्या सांगण्याप्रमाणे, भट्टी बिघडली होती. मुलीच्या लग्नात केक कमी पडला तेव्हा पाहुणे जास्त आले होते. पण पुस्तक म्हटलं तर तो पाण्यात उभा राहून विचारेल, कुठलं पुस्तक, कुठलं पान, तू तर दोनदा तपासतेस. आणि दर मिनिटाला पाणी बोटभर वर येतंय.

तिने पुन्हा स्वर लावला. पहिल्यांदा तो फाटला. तिने खाकरून पुन्हा लावला.

"कार्ड चूक आहे. तास आधीच धरलेला होता, मी तो पुन्हा मिळवला. मी चुकले, क्लिफर्ड. माझं लिहिलेलं मानू नकोस, पायाखालचं पाणी मान."

उत्तर आलं नाही.

पाण्याचा एक नवा आवाज सुरू झाला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये मिळाल्याचा, कुणीतरी मोठ्या पातेल्यात ओतावं तसा. डोरीनच्या बुटांवरून पाणी गेलं. नोराने तिला कोपराला धरून दोन पावलं मागे ओढलं. धुक्यात काहीतरी धातूचं आपटलं, घंटी एकदाच कशीतरी वाजली आणि बुडबुड झाली. मग काहीच नाही.

"पडला," डोरीन म्हणाली. "नोरा, पडला तो."

"शू. ऐक."

"छाती उघडली होती गं त्याची. ते पाणी बर्फासारखं—"

"गप. ऐक म्हणते ना."

डोरीनने श्वास धरला. कुत्रासुद्धा धापा टाकायचा थांबला होता. आधी काही कळेना. मग ठक. मग बऱ्याच वेळाने, ठक. ओला बूट लाकडावर. शिडी. तिने न ठरवता मोजायला सुरुवात केली. तीन. चार. पाचव्याला फार उशीर लागला. सहा. सात. मग थांबलं. किती पायऱ्या आहेत, तिने नोराकडे पाहिलं. नोराने मान हलवली, माहीत नाही.

त्या थांबण्यात डोरीनचं सगळं आयुष्य उभं राहिलं म्हणावं, तर तसं काही झालं नाही. तिला फक्त एवढंच दिसत होतं की सकाळी त्याने मोज्यांची जाड जोडी मागितली होती आणि तिने पातळ दिली होती, दिवस ऊबदार आहे म्हणून.

आठ. नऊ. दार कुरकुरलं.

"पोचलो," खर्जातला आवाज वरून आला. चाल सुटलेली, श्वास तुटलेला. "सायकल गेली."

नोरा मटकन गवतावर बसली. "सायकल गेली म्हणतो," ती कुत्र्याला म्हणाली. "ऐकलंस? सायकल."

डोरीन बसली नाही. बोटीला अजून पंधरा मिनिटं होती आणि ओल्या कपड्यांत थंडीने माणसाला झोप येते, ती झोप वाईट. तिने त्याला झोपू दिलं नाही. तिने एक चरण म्हणायचं, त्याने पुढचं. ओले मोजे काढ, हे स्तोत्राच्या चालीत. काढले. छातीत दुखतंय का. नाही, पण दात वाजतायत. तिथे कांबळं असेल बघ. आहे, आणि बिस्किटांचा डबा आहे, पण नरम पडलीत. मध्येच त्याचं उत्तर उशिरा आलं तेव्हा ती एवढ्या वरच्या पट्टीत गेली की नोराने कान झाकले. मी चर्चला जाते फक्त लग्नाला आणि मयताला, नोरा मागाहून सांगायची, पण त्या दिवशी जी उपासना ऐकली तशी पुन्हा नाही ऐकली.

बोट आली तेव्हा धुकं पातळ व्हायला लागलं होतं. त्यांनी त्याला खाली घेतलं, चांदीच्या कागदात गुंडाळलं आणि नोराच्या शेताखालच्या धक्क्यावर उतरवलं. नाडी बघितली, छाती ऐकली. ठीक आहे, पण रात्री दवाखान्यात राहा, असं त्यांच्यातली एक तरुण बाई म्हणाली. तिने ओल्या बाहीच्या खिशातून एक वही काढली. नोंद करावी लागते.

"भरतीची वेळ कुणी चुकीची वाचली?"

"मी," क्लिफर्ड म्हणाला. कागदातून त्याचं नाक आणि भुवया तेवढ्या दिसत होत्या. "चष्मा विसरलो होतो."

"चष्मा तुमच्या नाकावर आहे, काका."

"नंतर सापडला."

"त्याचं लिहू नका," डोरीन म्हणाली. "वेळ मी काढली. चूक माझी. डोरीन थर्लवेल, असं लिहा." आणि त्या बाईने लिहायला घेतलं तेव्हा ती वाकून बघत राहिली, बरोबर लिहितेय का ते.

क्लिफर्डने कागदाआडून तिच्याकडे पाहिलं. "एकेचाळीस वर्षं मी गावभर सांगत फिरलो," तो म्हणाला, "की माझी बायको कधी चुकत नाही. आता मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"गप बस. पाय वर घे."

तिने त्याचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं. ते मेणासारखं पांढरं पडलं होतं आणि बोटं निळी. व्हॅनमधून भांडी पुसायचा पंचा आणला होता, त्याने ती एकेक बोट चोळू लागली, रंग येईपर्यंत, आणि आधी करंगळीला आला.